परदेशी मैत्रीण एकटी रात्रीच्या ट्रेनने मुंबईहून मिरजेला येणार आहे, येऊ द्यावं का?

येऊ द्या की! तुम्ही लिहिलंय की तुमची व्हिएन्नाची मैत्रीण गाणं शिकते, तिला मिरजेत तानपुरा घ्यायचाय, महालक्ष्मी एक्सप्रेसनं एकटीच निघायचं म्हणतेय आणि तुम्हाला सुट्टी नाही म्हणून जीव खालीवर होतोय. मी सांगलीत विश्रामबागला राहते, मुलगी गाणं शिकते, तिच्या क्लासमुळं आमच्या घरी आत्तापर्यंत पाच परदेशी पाहुणे राहून गेलेत, त्यातल्या तिघी बायका रात्रीच्या गाडीनं एकट्या आल्या. कुणाचं काही चोरीला गेलं नाही, कुणी त्रास दिला नाही. घोळ झाला तो उतरताना.

कारण ही गाडी आधी सांगलीला थांबते मग मिरजेला, दोन्ही स्टेशनं पहाटे, बाहेर अंधार, एसीच्या काचेतून पाटी काही वाचता येत नाही आणि सांगलीला गाडी थांबते दोन-तीन मिनिटं. पहिली पाहुणी "सांगली आली" ऐकून धडपडत उतरली, तिकीट मिरजेचं, आम्ही मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर. तिच्याकडं इथलं सिमकार्ड नव्हतं, आम्ही तिला शोधत सांगली स्टेशनला पोचेपर्यंत पाऊण तास ती बाकड्यावर बसून होती आणि मला बघितल्यावर रडायलाच लागली. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण चूक आमची होती, आम्ही तिला सांगितलंच नव्हतं की दोन स्टेशनं आहेत.

पुढच्या वेळी मी मराठीत मोठ्या अक्षरात लिहून त्याचा फोटो पाठवला, "मला मिरजेला उतरायचं आहे, सांगलीला नाही, कृपया उठवा." तिनं तो कागदावर उतरवून घेतला आणि गाडीत बसल्या बसल्या समोरच्या लोकांना दाखवला. मिरजेला दार उघडलं तर आधी एक नऊवारीतल्या आजी, त्यांच्या हातात हिची बॅग, मागं ही. आजींना जायचं होतं कोल्हापूरला पण सांगलीच्या आधीच्या भिलवडी स्टेशनापासून जाग्या राहिल्या होत्या तिच्यासाठी. "तुमचीच पाहुणी न्हवं?" म्हणाल्या आणि बॅग माझ्या हातात दिल्यावरच आत गेल्या. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे.

तर कागद नक्की द्या आणि सांगा की किर्लोस्करवाडी गेली की आवरायला लाग, फोनवर मॅप चालू ठेव. समजा झोपलीच राहिली तरी घाबरायचं काही नाही, गाडी कोल्हापूरला संपते, तिथनं मिरज साधारण तासाभराचं अंतर.

तिकीट तुमच्या आयआरसीटीसी आयडीवरून काढलं तरी चालतं, फक्त नाव पासपोर्टवर आहे तसंच आणि नॅशनॅलिटी बदलायला विसरू नका. पासपोर्ट ओरिजिनल जवळ पाहिजे, मोबाईलमधला फोटो दाखवून भागत नाही. वेटिंगवर पाठवू नका, आरएसी पण नको, अनोळखी माणसाबरोबर रात्रभर अर्ध्या सीटवर बसून यायचं म्हणजे तिचे हाल. आणि बसवायचं सीएसएमटीलाच, तिथं गाडी आधी लागते, दादरला मोठी बॅग घेऊन घाईत चढणं तिला जमायचं नाही.

डब्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बरेच जण म्हणतील फर्स्ट एसी काढा. मी म्हणते थ्री एसी. फर्स्टमध्ये केबिनचं दार बंद होतं आणि आत कोण येईल ते आपल्या हातात नसतं, थ्री एसीत सांगली-कोल्हापूरची घरी निघालेली कुटुंबं असतात, सगळ्यांचं सगळ्यांकडं लक्ष असतं. त्यात अप्पर बर्थ. लोअरवर झोपेपर्यंत सगळे बसणार, आणि साइड अप्पर उंच माणसाला आखूड पडतो. पासपोर्ट-पैशाची छोटी बॅग उशाला, मोठी सीटखाली साखळीनं. कुणी चपाती-भाजी पुढं केली आणि घ्यायची नसेल तर छातीवर हात ठेवून "नको, पोट भरलंय" म्हणायला शिकवा, कुणाला राग येत नाही. अडचण आलीच तर रेल्वेची हेल्पलाइन १३९.

मिरजेत उतरल्यावर दुकानं लगेच उघडत नाहीत, त्या वेळात तिला मीरासाहेबांच्या दर्ग्यात घेऊन जा. किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथंच आहे. गाणं शिकणारं माणूस तिथं शांत बसून राहतं, मी बघितलंय. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या गावची खासियत म्हणून सरकारी मानांकन मिळालंय, पण गडबडीत घेऊ नका, जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी आस, तिच्या स्वरावर लावून घ्यायला वेळ द्या. एखादा दिवस जास्त धरूनच परतीचं तिकीट काढा.

खरी काळजी परतीची आहे. तानपुऱ्याचा खालचा भोपळा एका धक्क्यात तडकतो. तारा सैल करून घ्यायच्या, कडक केस घ्यायची आणि सीटखाली अजिबात सरकवायचा नाही, बर्थवर भिंतीच्या बाजूला तानपुरा आणि कडेला आपण. लेडीज, म्हणजे लहान आकाराचा तानपुरा असेल तर बरं पडतं.

आणि ती कुणाच्या घरी राहणार असेल तर २४ तासांत परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, एफआरआरओच्या साइटवर कळवावं लागतं, हॉटेलवाले स्वतः करतात, घरी आपण करायचं.

मिरजेला न्यायला कोणी नसेल तर इथं मेसेज टाका, तारीख आणि डबा नंबर कळवा. मी स्टेशनवर येऊन थांबते.