देव आनंदला अभिनय येत होता का, की नुसती स्टाईल?

प्रश्न: देव आनंदचे जुने चित्रपट ओळीने बघतोय. माणूस देखणा, गाणी एकापेक्षा एक, पण अभिनय म्हणाल तर सगळीकडे तोच. मग दिलीपकुमार आणि राज कपूरच्या जोडीने त्याचं नाव का घेतात? आणि काळ्या कोटावर कोर्टाने बंदी घातली होती हे खरं का?

उत्तर:

काळ्या कोटाचं आधी उरकून घेऊ. त्याला काळ्या कोटात पाहून मुली गच्चीवरून उड्या टाकायच्या म्हणून बंदी आली, ही कथा सांगणारे पुष्कळ भेटतील. कुठलं कोर्ट, कुठल्या तारखेचा निकाल, असं विचारलं की सगळे गप्प. ती गावगप्पा समजा आणि सोडून द्या.

आता अभिनय. तो सगळीकडे तोच आहे, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. मात्र तुम्ही ओळीने बघताय, म्हणून एक गोष्ट निसटत असेल. मर्यादा सगळीकडे सारखीच आहे, पण काही चित्रपटांत ती खुपते आणि काहींत अजिबात जाणवत नाही. हा फरक दिग्दर्शकामुळे पडतो.

त्याला काय जमत नव्हतं, ते नेमकं बघा. पहिली गोष्ट म्हणजे थांबणं. वाक्य भरकन सुरू होतं, मधल्या शब्दांवर मान हलते आणि शेवटचे दोन शब्द अर्धवट गिळले जातात. हिंदी संवादात भावनेचं वजन बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी, क्रियापदावर आणि त्यानंतरच्या विरामात असतं. दिलीपकुमार तो विराम पुरेपूर वापरतो. देव तिथे पोचेपर्यंत पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. त्यामुळे छेडछाड, थाप मारणं, वेळ मारून नेणं हे प्रसंग झकास होतात आणि शोक उथळ वाटतो. दुसरी गोष्ट रडण्याची. बहुतेक ठिकाणी तो चेहरा वळवतो, हात आडवा घेतो किंवा कॅमेराच दुसऱ्याकडे जातो. राग आला की वेग आणि पट्टी वाढते, खोली वाढत नाही. तिसरी गोष्ट, तो शहरी आहे आणि शहरीच राहतो. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. झालेला हा मुलगा १९४३ मध्ये मुंबईत आला. ते शिक्षण त्याच्या चालण्याबोलण्यात कायम दिसतं. शेतकरी, सरदार, शिपाईगडी असल्या भूमिकांत तो उपरा वाटतो. जेमिनी स्टुडिओच्या एस. एस. वासन यांनी १९५५ मध्ये 'इन्सानियत'मध्ये त्याला पोशाखी भूमिकेत दिलीपकुमारसमोर उभं केलं. दोघांचा एकत्र असा तो एकच चित्रपट, आणि देवचं काय अडतं ते एका बैठकीत समजून घ्यायचं असेल तर तोच बघावा.

स्टाईलकडे वळू, कारण तिथे सुटे भाग मोजता येतात. कपाळावरचा केसांचा कोंबडा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं किंवा उभी कॉलर, त्यावर रुमाल वा मफलर, पुढे पुढे टोपी. अंगकाठी सडपातळ, मान लांब. बंद गळा आणि रुमाल त्या मानेला भरीवपणा देतात, कोंबडा चेहऱ्याला उंची देतो, पूर्ण बाह्यांमुळे बारीक हात झाकले जातात. हा सगळा पोशाख त्याच्या अंगकाठीतल्या उणिवा ओळखून बेतल्यासारखा आहे. म्हणूनच रुंद खांद्यांच्या माणसाने तो जसाच्या तसा उचलला की फसतो. त्यावर एका बाजूला किंचित कललेलं शरीर, सैल सोडलेले हात आणि दातांमधली फट न लपवणारं हसू. त्याला हॉलिवूडच्या नटावरून हिंदुस्थानचा ग्रेगरी पेक म्हणायची पद्धत होती. मला ती तुलना फक्त फोटोपुरती पटते. पेक संथ आणि जड बोलतो, देव त्याच्या अगदी उलट.

नकला करणाऱ्यांनी मोठा घोटाळा करून ठेवला आहे. स्टेजवर दिसणारा मान डोलावणारा, घाईघाईत बोलणारा देव हा १९७० नंतरचा आहे, आणि तोही दुप्पट केलेला. 'बाज़ी' (१९५१) किंवा 'सी.आय.डी.' (१९५६) लावून बघा. तिथला माणूस बराच आवरलेला आहे. मानेची हालचाल आहे, पण ती बोलण्याआधी एकदा होते आणि थांबते. नकलाकार प्रत्येक शब्दाला मान हलवतात.

याच दोन चित्रपटांतली दोन गाणी शेजारी ठेवून बघा. 'बाज़ी'तल्या 'तदबीर से बिगड़ी हुई' मध्ये गाते गीता बाली, हातात गिटार घेऊन. देव नुसता बसून ऐकतो, सावधपणे. 'सी.आय.डी.'तल्या 'लेके पहला पहला प्यार' मध्ये गाणारी रस्त्यावरची जोडी आहे. देव आणि शकीला गाण्यातला एक शब्दही म्हणत नाहीत. ती रागावून पुढे चाललेली, हा मागून. एवढं लोकप्रिय गाणं, आणि नायकाला ओठ हलवायचं कामच नाही. गुरुदत्तने 'बाज़ी' दिग्दर्शित केला आणि 'सी.आय.डी.'ची निर्मिती केली, दिग्दर्शन राज खोसलाचं. या माणसाला फार बोलू न देता फ्रेममध्ये नुसतं ठेवलं तरी काम होतं, हे त्या मंडळींना पक्कं कळलं होतं. गुरुदत्त आणि देव यांची ओळख पुण्यातली, प्रभातमधली. देवचा पहिला चित्रपट 'हम एक हैं' (१९४६) प्रभातचाच.

त्याच्यासाठी वापरलेली सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे हाताला काम देणं. मोकळे हात मिळाले की तो ते झुलवतो आणि प्रसंग गंभीर असेल तर पार विस्कटतो. म्हणून 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये (१९५४) हातात स्टिअरिंग आहे, 'पेइंग गेस्ट'मधल्या 'माना जनाब ने पुकारा नहीं' मध्ये सायकल, 'हम दोनो'त (१९६१) सूर वाजवणारा लायटर. लायटर तर पटकथेतच विणलेला आहे. साधनाने दिलेली भेट, त्यातून वाजणारी संगीतकार जयदेवची धून, आणि 'मैं ज़िन्दगी का साथ निभाता चला गया'. चेहऱ्याला जे करायचं होतं त्यातलं अर्धं काम ती वस्तू करून टाकते.

'हम दोनो'च्या दुहेरी भूमिकेकडेही याच नजरेने बघा. कॅप्टन आणि मेजर वेगळे दिसावेत म्हणून मेजरला मिशी दिली, बोलण्याचा वेग उतरवला आणि पुढे युद्धात त्याचा पाय जातो. पाय गेला की देवची ती झुलती चालच बंद. पटकथा विजय आनंदची, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, सगळे गोल्डी म्हणायचे त्याची. भावाच्या सवयी त्याला घरातूनच पाठ होत्या.

गोल्डीची दुसरी युक्ती म्हणजे जागा अरुंद करणं. 'तेरे घर के सामने'मधलं (१९६३) 'दिल का भँवर करे पुकार' कुतुबमिनारच्या जिन्यात आहे. खऱ्या जिन्यात कॅमेरा मावेना, म्हणून जिना सेटवर बांधला. गोल पायऱ्या, दोन्हीकडे भिंत, शेजारी नूतन. हात पसरायला जागाच नाही, म्हणून सगळं नजरेत आणि मानेच्या छोट्या हालचालींत येतं, आणि तो कमालीचा गोड दिसतो. उलट 'काला बाज़ार'मधल्या (१९६०) 'खोया खोया चाँद' मध्ये त्याला डोंगरउतार मोकळा सोडला आहे. हात दोन्ही बाजूंना झुलतायत, तो धावत खाली येतो. तिथे अतिरेक चालतो, कारण माणूस प्रेमात वेडा झालेला आहे आणि रफी तसाच गातो आहे. 'जॉनी मेरा नाम'मधल्या (१९७०) 'पल भर के लिए' मध्ये ही अस्वस्थताच गाण्याची कल्पना झाली. घरभर लहानमोठ्या खिडक्या, हेमा मालिनी एक बंद करते तर हा दुसरीतून डोकावतो. एका जागी न टिकणाऱ्या नटासाठी याहून बरा सेट कुणी बांधला असेल असं मला वाटत नाही.

'गाईड' (१९६५) मात्र वेगळा काढायला हवा. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्याला दोनदा मिळाला, 'काला पानी' आणि 'गाईड'साठी. पहिल्यावर वाद घालता येईल, दुसऱ्यावर मी घालणार नाही. राजू हा थापाड्या, गोडबोल्या, पर्यटकांना गुंडाळणारा माणूस. पूर्वार्धात देवची सगळी घाई आणि लाघव त्याला चपखल बसतं. 'तेरे मेरे सपने' हे गाणं अगदी मोजक्या, लांबलचक शॉट्समध्ये घेतलं आहे. मधे कट नसल्यामुळे त्याला वहिदाच्या गतीने चालावं लागतं आणि तिची शांतता त्याच्यावर उतरते. उत्तरार्धात तर एकेक हत्यार काढून घेतलं आहे. कोंबडा गेला, दाढी आली, रुमाल आणि कोट जाऊन अंगावर भगवी शाल. उपासाने शरीर गळालेलं, म्हणजे झुलणारे हातही गेले. शेवटी राजूचा स्वतःशी संवाद आहे. तिथे भाव चेहऱ्यापेक्षा शब्द, आवाज आणि मांडणी वाहून नेतात. अभिनयाचा पल्ला वाढला असं मी म्हणणार नाही. त्या पल्ल्यात बसेल अशी पटकथा आणि त्याला स्थिर ठेवणारी परिस्थिती, दोन्ही एकदाच जुळून आलं.

हे सगळं दिग्दर्शकांचं होतं याचा पुरावा म्हणजे पुढची चाळीस वर्षं. १९७० च्या 'प्रेम पुजारी'पासून तो स्वतः दिग्दर्शन करू लागला. 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) जोरात चालला, पण तिथेही लक्षात राहते बहिणीची भूमिका, झीनत अमानची. 'देस परदेस'ही (१९७८) चालला. पण 'इश्क इश्क इश्क' (१९७४) आपटला आणि ऐंशीच्या दशकानंतर घसरण थांबलीच नाही. कारण सरळ आहे. सेटवर 'देव, पुन्हा घेऊ, जरा हळू' असं म्हणणारं कुणी उरलं नाही. वय वाढलं, गती तीच राहिली. पंचविशीत जी चंचलता वाटते ती साठीत घाई दिसते. वयाला साजेशी दुय्यम भूमिका घेण्याचा मार्ग अशोककुमारने केव्हाच दाखवला होता, देवसमोरच, 'ज्वेल थीफ'मध्ये (१९६७). देव त्या वाटेला फारसा गेला नाही. २०११ च्या फेब्रुवारीत 'हम दोनो' रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी त्याचा शेवटचा 'चार्जशीट' आला. एकाच वर्षात दोन्ही देव पडद्यावर.

मग दिलीपकुमार आणि राज कपूरच्या पंगतीत का? कारण नट म्हणून मोठं असणं आणि पडद्यावर हवंहवंसं वाटणं ही दोन वेगळी खाती आहेत आणि पन्नासच्या दशकात दुसरं खातं त्याच्याइतकं कुणाचंच भरलेलं नव्हतं. दिलीपकुमार प्रेमात झुरायचा, राज कपूर भोळा असायचा. शहरात खोली भाड्याने घेऊन राहणारा, नोकरी शोधणारा, चार पैशांसाठी काळाबाजार करणारा आणि तरी इस्त्रीचा शर्ट घालणारा तरुण देवने दाखवला. गावाकडून मुंबई-पुण्याला आलेल्या पोरांना परवडण्यासारखी ती फॅशन होती. कंगवा आणि एक रुमाल, बस्स. शिवाय नवकेतन ही स्वतःची चित्रपटसंस्था १९४९ पासून हाताशी होती आणि संगीतकार सचिनदेव बर्मन घरचे. इतकी गाणी पाठीशी असताना संवादातली कसर भरून निघायची.

ओळीने बघणं थांबवा आणि असा क्रम लावा: 'सी.आय.डी.', 'काला बाज़ार', 'हम दोनो', 'तेरे घर के सामने', 'गाईड', 'ज्वेल थीफ', 'जॉनी मेरा नाम'. प्रत्येकातला एक गंभीर प्रसंग आवाज बंद करून दोन मिनिटं बघा, फक्त हातांकडे लक्ष ठेवा. मग तोच प्रसंग डोळे मिटून ऐका. हात रिकामे आणि वाक्याचा शेवट गिळलेला, असं दोन्ही एकत्र आलं की तो प्रसंग फसलेला सापडेल. 'काला पानी'तलं 'हम बेख़ुदी में तुम को' याच कसोटीवर लावा. तिथे तो बसून आहे, समोर नलिनी जयवंत, आणि रफीचा संथ आवाज त्याला घाई करू देत नाही. 'प्रेम पुजारी'ची गोष्ट सोडून गीतकार नीरजची गाणी तेवढी ऐका. 'इन्सानियत' पूर्ण बघवत नसेल तर त्यात झिप्पी नावाचा चिंपांझी आहे, त्याचे प्रसंग पुढे ढकलत बघा.