सुपर लीग बुडवायला त्याच क्लबांचे चाहते रस्त्यावर का उतरले?

प्रश्न: २०२१ मध्ये युरोपातल्या श्रीमंत क्लबांनी स्वतःची वेगळी सुपर लीग काढली, तेव्हा त्याच क्लबांच्या चाहत्यांनी एवढा विरोध का केला? दर आठवड्याला लिव्हरपूल-रियल माद्रिदसारखे सामने बघायला मिळाले असते तर बिघडलं काय असतं? आणि भारतात टीव्हीवर बघणाऱ्या आपण यात कोणाची बाजू घ्यायची?

उत्तर:

त्या योजनेत एक अट होती आणि इंग्लंडमधला जवळजवळ सगळा राग त्या एका अटीवर होता. वीस संघांच्या स्पर्धेत पंधरा संस्थापक क्लब कायमचे. खेळ कसाही होवो, नंबर कितवाही येवो, पुढच्या वर्षी त्यांची जागा पक्की. उरलेल्या पाच जागांसाठी बाकीच्या अख्ख्या युरोपने झगडायचं. १८ एप्रिल २०२१ च्या रविवारी रात्री बारा क्लबांनी हे जाहीर केलं, पंधरापैकी उरलेले तीन नंतर यायचे होते. इंग्लंडचे मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी, मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅम, स्पेनचे रियल माद्रिद, बार्सिलोना आणि अ‍ॅटलेटिको, इटलीचे युव्हेंटस, मिलान आणि इंटर. संस्थापकांना मिळून साडेतीन अब्ज युरो मिळणार होते आणि ते जेपी मॉर्गन बँक उभे करणार होती.

आता त्या दिवशीचा प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगचा, तक्ता बघा. आर्सेनल नवव्या स्थानावर, टॉटनहॅम सातव्या. तिसरा लेस्टर, चौथा वेस्ट हॅम. लेस्टरने त्याच रविवारी एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची सेमीफायनल जिंकली आणि पुढच्या महिन्यात फायनलमध्ये चेल्सीला हरवून कपही उचलला. म्हणजे मैदानावर जे पुढे होते ते बाहेर, आणि मागे पडलेले कायमचे आत. आर्सेनलच्या चाहत्यालाही हे पटलं नाही, यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेत तेव्हा इंग्लंडचे पहिले चार संघ जात. आपला संघ नववा आला तर युरोपातल्या स्पर्धांत जाऊ नये, हे त्याला लहानपणापासून माहीत असतं. त्याला ती शिक्षा हवी असते, कारण तिच्याशिवाय चौथ्या क्रमांकाच्या आनंदाला काही किंमत राहत नाही.

युव्हेंटसचे तेव्हाचे अध्यक्ष आंद्रेआ आन्येली हे या योजनेच्या शिल्पकारांपैकी एक. त्यांनी वर्षभर आधीच, मार्च २०२० मध्ये, लंडनच्या एका परिषदेत उघड विचारलं होतं की अटलांटासारख्या क्लबाने युरोपातला काही इतिहास नसताना एका चांगल्या हंगामाच्या जोरावर थेट चॅम्पियन्स लीगमध्ये यावं, हे योग्य आहे का? अटलांटा हा बेर्गामो या मध्यम आकाराच्या शहराचा क्लब. त्या हंगामात तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. मला हा प्रश्न फार अपमानास्पद वाटतो. इतिहास मैदानावर घडतो, आणि ज्याला मैदानावर येऊच दिलं नाही त्याने तो घडवायचा कुठे?

इंग्लंडमध्ये वर चढायची आणि खाली घसरायची ही शिडी अगदी तळापर्यंत जाते. मँचेस्टर युनायटेड १९७४ मध्ये खालच्या विभागात गेला होता. मँचेस्टर सिटी १९९८-९९ मध्ये चक्क तिसऱ्या विभागात खेळत होता. नॉटिंगहॅम फॉरेस्ट १९७७ मध्ये दुसऱ्या विभागातून वर आला, १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला आणि १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपियन कप, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, जिंकला. तेव्हा दार बंद असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

या शिडीचं मोल सर्वांत चांगलं समजतं ते विम्बल्डनमुळे. इथे टेनिस बाजूला ठेवा. लंडनच्या त्या भागाचा विम्बल्डन एफसी नावाचा फुटबॉल क्लब होता आणि १९८८ मध्ये त्याने लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. २००२ मध्ये मालकांना क्लब उचलून मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरात न्यायची परवानगी मिळाली. चाहत्यांचं ऐकून कोणी घेतलं नाही. मग त्यांनी काय करावं? एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला. विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर खुली निवड चाचणी घेतली आणि अगदी खालच्या, हौशी म्हणाव्या अशा पातळीवरून सुरुवात केली. एकेक पायरी चढत २०११ मध्ये तो क्लब इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोचला. क्लब आजही चाहत्यांच्या ट्रस्टच्या हातात आहे. मला विचाराल तर जगाच्या फुटबॉलमध्ये यापेक्षा मोठी गोष्ट नाही, आणि ती शक्य झाली कारण तळाच्या पायरीवरूनही वरची पायरी दिसत होती. सुपर लीगने ही शिडी मोडली नसती, पण तिचा शेंडा कापून वेगळा टांगला असता.

क्लब आणि वस्तीचं हे नातं कोल्हापूरकरांना समजावून सांगावं लागत नाही. पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा फुटबॉल सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठेतला माणूस 'कोणाला सपोर्ट करू' असा विचार करत बसत नाही. तो त्या तालमीचाच असतो. लिव्हरपूल, मँचेस्टर, उत्तर लंडन इथल्या जुन्या चाहत्यांचं तसंच आहे. मालक बदलतात, प्रशिक्षक बदलतात, खेळाडू तर दर वर्षी. ती माणसं मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. त्यांना एका शब्दानं न विचारता रविवारी रात्री एक पत्रक काढून निर्णय जाहीर झाला.

पुढे जे घडलं ते इतकं झपाट्याने घडलं की मालकांना सावरायला वेळच मिळाला नाही. पहिला आवाज त्याच रविवारी उठला, मँचेस्टर युनायटेडचा माजी कर्णधार गॅरी नेव्हिल याचा. बातमी फुटताच तो टीव्हीच्या स्टुडिओतून आपल्याच क्लबावर तुटून पडला. कोरोनामुळे स्टेडियम रिकामी होती, म्हणून लोक बाहेर रस्त्यावर जमले. सोमवारी लीड्समध्ये लिव्हरपूलचा सामना होता. लीड्सचे खेळाडू सरावाला जे टी-शर्ट घालून उतरले त्यांवर चॅम्पियन्स लीगच्या चिन्हाखाली 'कमवून दाखवा' अशा अर्थाचे शब्द होते आणि पाठीवर 'फुटबॉल चाहत्यांसाठी आहे'. सामना संपल्यावर लिव्हरपूलच्याच जेम्स मिलनरने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की मला हे आवडलेलं नाही आणि हे होऊ नये अशी आशा आहे. पगार देणाऱ्या मालकाविरुद्ध असं बोलायला छाती लागते. अ‍ॅनफिल्डच्या कॉप स्टँडवर, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानातल्या गॅलरीत, झेंडे लावणाऱ्या चाहत्यांनी आपले झेंडे काढून घ्यायचं ठरवलं. मंगळवारी चेल्सीच्या मैदानाबाहेर शेकडो लोकांनी रस्ता अडवला आणि संघाची बस आत जाईना. क्लबाचा जुना गोलकीपर पेत्र चेक तेव्हा पदाधिकारी होता. तो गर्दीत येऊन 'थोडा वेळ द्या' म्हणून विनवत राहिला. त्याच रात्री आधी सिटीने आणि मग बाकीच्यांनी अंग काढून घेतलं. रविवार ते मंगळवार, आणि इंग्लंडचे सहाही क्लब बाहेर.

पण हा राग दोन दिवसांत उगवलेला नव्हता. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला तो मोठं कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर टाकलं. तेव्हाच काही चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा वेगळा क्लब काढला. जे राहिले ते हिरवे-पिवळे मफलर घालून वर्षानुवर्षं निषेध करत होते. हे रंग न्यूटन हीथचे, म्हणजे युनायटेडच्या मूळ क्लबाचे. सुपर लीग कोसळल्यावरही ते थांबले नाहीत. २ मे २०२१ रोजी ते ओल्ड ट्रॅफर्ड या आपल्याच क्लबाच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. लिव्हरपूलवाल्यांनी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध बरोबर ७७व्या मिनिटाला हजारोंच्या संख्येने स्टेडियम सोडलं होतं. काही दिवसांतच मालकांनी ती दरवाढ मागे घेतली. म्हणजे संघटना होत्या, सवय होती, ओळखी होत्या. म्हणूनच एकमेकांचं तोंड न बघणारे युनायटेड आणि लिव्हरपूलचे चाहते त्या आठवड्यात एकाच बाजूला उभे राहू शकले.

जर्मनीत तर ही वेळच आली नाही. तिथे '५० अधिक १' असा नियम आहे: काही मोजके अपवाद सोडले तर क्लबातली बहुमताची मतं सभासदांच्या संस्थेकडेच राहतात. बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंड यांनी सुपर लीगला नकार दिला. स्पेनचं चित्र उलटं आहे आणि मला ते बोचतं. रियल आणि बार्सिलोना हे क्लबही सभासदांच्या मालकीचे, तरीही सर्वांत जास्त काळ याच दोन क्लबांनी ही योजना उराशी धरली. बार्सिलोनावर एक अब्ज युरोंहून जास्त कर्ज होतं. रियलचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ टीव्हीवर सांगत होते की हे सगळं फुटबॉल वाचवण्यासाठी आहे, तरुणांचा रस कमी होतोय. सभासदांची मालकी कागदावर असून भागत नाही, हे माझं मत इथे पक्कं झालं.

आता आपल्याकडे येतो. योजनेमागची काही मंडळी पिढीजात चाहत्यांना 'लेगसी फॅन' म्हणत आणि आपल्याला 'भविष्यातले चाहते' हवेत असं बोलत, अशी बातमी बीबीसीने तेव्हा दिली होती. ते भविष्यातले चाहते म्हणजे तुम्ही आणि मी. पुण्यात, मुंबईत, जकार्तात, रात्री दीड वाजता सबस्क्रिप्शन भरून सामना लावणारे. आपल्याला फक्त मोठी नावं हवीत, बर्नली किंवा ब्रायटनसारख्या छोट्या क्लबांशी आपल्याला काही देणंघेणं नाही, असं गृहीत धरून तो व्यवहार बेतला होता. मला त्याचा संताप आला आणि आजही येतो. मी लिव्हरपूलच्या प्रेमात पडलो तो त्या शहरामुळे, त्या स्टँडमधल्या आवाजामुळे. तिथल्या माणसांना हाकलून माझ्यासाठी कार्यक्रम मांडला, तर मी बघायचं काय? शिवाय लिव्हरपूल-रियल सामन्याची ओढ लागते ती तो क्वचित होतो म्हणून. वर्षातून चार वेळा झाला आणि कोणीही हरलं तरी काही बिघडलं नाही, तर तो उन्हाळ्यातला प्रदर्शनी सामना होतो.

बंद दाराची लीग काय करते हे बघायला आपल्याला युरोपात जायचीही गरज नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये कितीतरी वर्षं वर चढणं-खाली जाणं नव्हतंच. तीच देशाची मुख्य लीग होणार आणि आय-लीग ही तोवरची राष्ट्रीय लीग दुय्यम ठरणार हे दिसल्यावर २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीग सोडली. धेंपो हा पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. मैदानावर कमावलेलं हे सगळं त्या बंद दाराशी कवडीमोल ठरलं. २०२३ मध्ये आय-लीगचा विजेता म्हणून पंजाब एफसी वर गेला तेव्हा कुठे ते दार किलकिलं झालं. गोव्यातल्या लोकांनी हे निमूट सोसलं असं मी म्हणणार नाही, पण लंडनसारखा रस्ता अडला नाही आणि दोन दिवसांत कोणी माघार घेतली नाही.

सुपर लीगच्या विरोधातले सगळेच काही स्वच्छ नव्हते. १९९२ मध्ये प्रीमियर लीग जन्माला आली तीही बड्या क्लबांनी टीव्हीच्या पैशासाठी वेगळी चूल मांडल्यामुळेच, फक्त तिने खालचं दार उघडं ठेवलं. युएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या महासंघाने, सुपर लीगवर आग पाखडली. पण १९ एप्रिललाच तिने चॅम्पियन्स लीगचा जो नवा, ३६ संघांचा आराखडा मंजूर केला, त्यात पूर्वपुण्याईवर दोन जागा द्यायची तरतूद होती. ती २०२२ मध्ये गाळली गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने न्यूकॅसल हा इंग्लिश क्लब घेतला तेव्हा तिथले चाहते स्टेडियमबाहेर नाचत होते. पैशाला विरोध करणं सगळ्यांना सारखंच जमतं असं नाही.

धोका कायमचा टळलाय असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की नव्या स्पर्धांना आधी परवानगी घ्यायला लावणारे फिफा-युएफाचे तेव्हाचे नियम बेकायदा आहेत. सुपर लीगवाल्यांनी त्यानंतर चढ-उतार असलेले नवे आराखडे मांडले. बंद दाराचा हट्ट त्यांना सोडावा लागला, हे श्रेय मी रस्त्यावरच्या लोकांनाच देतो. इंग्लंडमध्ये चाहत्यांच्या पुढाकाराने फुटबॉलच्या कारभाराचा आढावा घेतला गेला आणि जुलै २०२५ मध्ये कायदा होऊन स्वतंत्र नियामक आला. मान्यता नसलेल्या स्पर्धेत जाण्यापासून तो क्लबांना रोखू शकतो.

कोणाची बाजू घ्यायची हे तुम्ही विचारलंत. तुमचा क्लब त्या सहांपैकी असेल तर त्याच्या चाहत्यांच्या संघटनेचं म्हणणं वाचायला लागा. लिव्हरपूलसाठी स्पिरिट ऑफ शँकली आहे, युनायटेड आणि आर्सेनलसाठी त्यांचे सपोर्टर्स ट्रस्ट आहेत. तिकिटांचे दर असोत, सामन्यांच्या वेळा असोत की मालकांचा पुढचा बेत, क्लबाच्या पत्रकात जे नसतं ते तिथे सापडतं. आणि 'जगभरच्या चाहत्यांना हे हवंय' असं तुमच्या नावावर कोणी पुन्हा सांगायला लागलं, तर आपल्याला हे नकोय असं त्या संघटनांना लिहून कळवा.