शिक्षा भोगून आलायस, आता कोड लिहायचाय

मित्रा, येरवड्यातून सुटल्या सुटल्या हिंजवडीतल्या बड्या कंपन्यांना सीव्ही पाठवत बसू नकोस. तिथे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, आणि कोर्टातल्या केसेस नाव टाकून ऑनलाइन शोधता येतात. लपवलंस आणि सापडलं तर नोकरी जातेच, वर खोटारडेपणाचा शिक्का. पहिल्याच फेरीत सांगून टाक: आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली, म्हणजे हॅकिंगसाठी, शिक्षा झाली, भोगली. एवढंच. स्वतःची वकिली नको, एचआरला त्याचा कंटाळा येतो.

सुरुवात कोथरूड-कर्वेनगरात फ्लॅटमध्ये चालणाऱ्या छोट्या ऑफिसांपासून कर. तिथे मालक स्वतः मुलाखत घेतो. त्याला गिटहब, म्हणजे ऑनलाइन ठेवलेला तुझा कोड, दाखव. कमिट मेसेज, म्हणजे प्रत्येक बदलासोबतची टीप, नीट हवेत, कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहिलेल्या हव्यात. सिस्टिम तोडायला एक भोक पुरतं, पण तुझा कोड सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला उघडून कळला पाहिजे. ही सवय लागता लागत नाही.

बग बाउंटी, म्हणजे कंपनीच्या सिस्टिममधल्या त्रुटी शोधून बक्षीस मिळवणं? जरूर कर, पण आधी स्कोप वाच, म्हणजे कशाला हात लावायची परवानगी आहे ते. परवानगीशिवाय सर्व्हरला हात लावलास तर कलम ४३, म्हणजे नुकसानभरपाई. हेतू अप्रामाणिक ठरला तर पुन्हा ६६, म्हणजे ३ वर्षांपर्यंत आत. अमेरिकेतला गाजलेला हॅकर केविन मिटनिक २००० साली तुरुंगातून सुटला, तरी २००३ पर्यंत त्याच्यावर इंटरनेटची बंदी होती. पुढे तो कंपन्यांशी रीतसर करार करून त्यांच्याच सिस्टिम फोडून दाखवायचा.

आणि हो, ऑफिसात कुणी प्रॉडक्शनचा, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टिमचा, सामायिक पासवर्ड दिला तर घेऊ नकोस. स्वतःचं वेगळं लॉगिन माग. काही गडबड झाली की पहिली नजर तुझ्याकडेच वळणार, तेव्हा लॉगमध्ये, म्हणजे कुणी कधी काय केलं त्या नोंदीत, तुझं नाव कुठे आहे आणि कुठे नाही, हे दाखवता आलं पाहिजे.