मॉबी घरी केली तर कडूजहर होते, काय चुकतंय?

मॉबी म्हणजे कॅरिबियन बेटांवर झाडाची साल उकळून करतात ते कडवट-गोड पेय. तुम्ही लिहिलंय की मॉबीच्या सालीचं पाकीट आणलं, सगळी साल अर्धा तास उकळली आणि वाटीभर साखर घालूनही घोट गिळवेना. माझी पहिली मॉबी अगदी अशीच झाली होती. त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, नोकरीनिमित्त चार वर्षं होतो. घरमालकीणबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "साखर नको, पाणी वाढव." खरी गोम तीच. उकळून निघतो तो अर्क, तो तसाच प्यायचा नसतो.

मी मूठभरच साल घेतो, साधारण २५ ग्रॅम. एक लिटर पाण्यात दालचिनीचे दोन तुकडे, चार-पाच लवंगा, एक चक्रीफूल आणि संत्र्याची वाळलेली साल घालून दहा मिनिटं उकळायचं, झाकण ठेवायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. तिथे 'बे' नावाचं पानही घालतात, पण ते आपलं तमालपत्र नव्हे, झाडच वेगळं. नसेल तर सोडून द्या, तमालपत्र घालून ती चव येत नाही. सकाळी गाळा आणि दोन लिटर गार पाणी घाला. आता साखर, तीही थोडी थोडी, चाखत. तपकिरी साखर उत्तम. पुण्याला आल्यावर गूळ घालून पाहिला, पण गुळाची चव सालीवर कुरघोडी करते.

मग ओगराळ्याने उंचावरून दहा-बारा वेळा ओता. सुरेख फेस येतो. मॉबीचं झाड बोरीच्या कुळातलं आणि सालीत रिठ्यासारखीच फेस धरणारी द्रव्यं असतात. बार्बाडोसमध्ये पूर्वी बायका डोक्यावर नळ लावलेला डबा घेऊन रस्तोरस्ती मॉबी विकत, तोटीखाली पेला धरला की फेसाळ धार पडे.

पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हिलाच 'माबी' म्हणतात आणि आंबवतात. आधीची थोडी माबी विरजणासारखी घालून उबेला एक-दोन दिवस ठेवतात. हे केलंत तर बाटली गळ्यापर्यंत भरू नका आणि बूच घट्ट लावू नका. माझी एक बाटली ओट्यावर फुटली होती.

कडूपणा पूर्ण जाणार नाही, जाऊही नये. घोट आधी गोड लागतो, गिळल्यावर मागून काडेचिराईतासारखा कडवटपणा येतो. मला तरी त्यासाठीच मॉबी आवडते. रक्तदाबाला चांगली, असं तिथे घरोघर सांगतात; पण गोळ्या चालू असतील तर हिच्या भरवशावर बंद करू नका. आणि सवय नसलेल्याचं पोट हिने ढिलं होतं, म्हणून पहिल्या दिवशी अर्धाच पेला घ्या, बर्फ घालून, जेवणानंतर.