आई-वडिलांसह दोन दिवस जुन्नरला जायचे आहे. शिवनेरी आणि लेण्याद्री यांखेरीज काय पाहावे?

माझे आजोळ जुन्नर तालुक्यातले असल्यामुळे आग्रहाने सांगतो की, जुन्नरकडे केवळ किल्ल्याच्या पायथ्याचे गाव म्हणून पाहू नका. हे मुळात बाजाराचे गाव आहे आणि ते तसे पाहिले, तरच नीट कळते.

म्हणून माझ्या मते सुरुवात नाणेघाटापासून करावी. सातवाहनांच्या काळात कोकणातून वर येणारा माल याच घाटाने जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, असे सांगतात. रांजणाच्या जवळपर्यंत गाडी जात असल्यामुळे तो आई-वडिलांनाही पाहता येईल. मात्र सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख असलेल्या गुहेकडे जाण्यासाठी नाळेतून, म्हणजे घाटाच्या अरुंद खिंडीतून, थोडे खाली उतरावे लागते. जुन्नर परिसरातील लेणी कोरण्यासाठी व्यापारी आणि कारागिरांनीही दाने दिली आणि त्यांतील एका लेखात धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या धान्याच्या व्यापारात एवढा पैसा होता, हे वाचून मला दर वेळी भरून येते.

तोच व्यापार आज नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आणि ओतूरच्या कांदा बाजारात दिसतो. हंगामात नारायणगावला अवश्य थांबा. क्रेटच्या थप्प्या, बोली आणि भरून निघणाऱ्या गाड्या पाहिल्यावर कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या तालुक्याचे काय केले, ते कळते. त्याच पाण्यावर वाढलेल्या उसात बिबट्यांनीही आसरा घेतला आहे, म्हणून अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी फिरू नये, ही विनंती मी मनापासून करतो.

लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. वर गिरिजात्मजाचे स्थान असलेले लेणे मधल्या खांबांशिवाय कोरलेले भव्य दालन आहे. गुडघे साथ देत असतील, तर सकाळच्या उन्हाआधी चढावे. नसतील, तर ओझरचा विघ्नेश्वर कुकडीकाठी सपाटीवर आहे आणि तिथे दर्शन सुखाने होते. शिवनेरीसाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवा. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म झाला ते ठिकाण, शिवाई देवीचे मंदिर, धान्य साठवण्याचा अंबरखाना आणि गंगा-जमुना ही टाकी घाईने पाहून उतरू नये.

जेवणात मासवडी, तिचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी मागा. नाव मासवडी असले, तरी ती बेसनाची आणि पूर्ण शाकाहारी असते. आत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून तिला माशासारखा आकार देतात. ती करायला वेळ लागतो, म्हणून सकाळीच सांगून ठेवावी.