रोजच्या इमारतींमध्ये उत्तर-आधुनिक वास्तुशैली कशी ओळखायची?

उत्तर-आधुनिक म्हणजे आधुनिक इमारतीवर जुन्या शैलींचे आकार सजावटीसाठी चढवणारी शैली. खांब वजन पेलतोय की नुसता मिरवतोय, हे आधी बघा. पवईच्या हिरानंदानी गार्डन्समध्ये टोलेजंग इमारतींना ग्रीक-रोमन वळणाचे खांब, कमानी दिसतात. भार मात्र आतल्या आरसीसी सांगाड्यावर. असा खांब बोटाने वाजवा. पोकळ आवाज आला तर ते वरचं कवच. कमानीच्या मधला कळीचा दगडही बहुधा प्लास्टरचाच.

दुसरी खूण म्हणजे जुना आकार मुद्दाम अवाढव्य करणं: न्यूयॉर्कच्या एटी अँड टी इमारतीचा (१९८४) माथा थेट जुन्या कपाटासारखा आहे.

मरीन ड्राइव्हच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती यात धरू नका, त्या आर्ट डेको, म्हणजे १९३०-४० च्या दशकांतल्या आधीच्या शैलीच्या.