आफ्रिकेचे गवत आणि नान्नजचा माळ

मागील अंकात केनिया आणि टांझानिया येथील वन्यजीव सफारीवर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर सोलापूर शहरातून व जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही उभयता येत्या फेब्रुवारीत टांझानियाला जाणार आहोत. विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या कुरंगांचे) कळप मगरींनी भरलेली नदी ओलांडतात, तो प्रसंग त्या महिन्यात दिसत नाही, असे मुलगा सांगतो. सहल पुढे ढकलावी काय? (निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : मुलाचे म्हणणे खरे आहे, तरीही सहल पुढे ढकलू नये. मारा नदी ओलांडण्याचे प्रसंग साधारणपणे जुलै ते ऑक्टोबर या काळात, टांझानियातील सेरेंगेटी अभयारण्याच्या उत्तर टोकाला आणि केनियातील मसाई मारामध्ये घडतात. तेव्हासुद्धा कळप काठावर येऊन तासन् तास थबकतो आणि कित्येकदा पाण्यात न उतरताच माघारी फिरतो. फेब्रुवारीत हेच लाखो विल्डबीस्ट दक्षिणेकडे, न्दुटूच्या परिसरातील आखूड गवतावर विणीसाठी आलेले असतात. तेथील मातीत ज्वालामुखीची राख मिसळलेली असल्यामुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण चांगले असते, आणि पिल्लांना पाजणाऱ्या माद्यांना नेमके तेच हवे असते. बहुतेक पिल्ले दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्माला येतात; सिंह आणि तरस कितीही टपलेले असले, तरी एकाच वेळी जन्मलेली इतकी पिल्ले त्यांच्याने संपत नाहीत, असे या घाईमागचे गणित आहे.

एखादी मादी कळपापासून थोडी बाजूला होऊन बसलेली दिसली, तर चालकाला गाडी लांबच उभी करून इंजिन बंद करण्यास सांगावे. मातकट रंगाचे ओले पिल्लू आधी मागचे पाय उचलते, पुढच्या गुडघ्यांवर डोलते, नाकावर आपटते आणि पुन्हा धडपडते. गोठ्यात वासरू उभे राहताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना येथील वेग थक्क करतो, कारण साधारण दहा मिनिटांच्या आत ते चारही पायांवर उभे असते आणि थोड्याच वेळात आईच्या बरोबरीने धावू लागते. माझ्या मते नदीच्या प्रसंगापेक्षा हा प्रसंग काकणभर सरसच आहे. शिवाय तो पाहण्यासाठी गाड्यांच्या गर्दीत घुसावे लागत नाही.

प्रश्न : आपल्या स्वतःच्या सहलीतील कोणता क्षण सर्वाधिक लक्षात राहिला? सिंहाची शिकार पाहावयास मिळाली का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : शिकार पाहावयास मिळाली नाही आणि त्याची रुखरुखही नाही. सिंह दिवसाचा बहुतेक वेळ झोपण्यात घालवतो, त्यामुळे पाहिलेल्या सिंहांपैकी बहुतेक आडवेच होते. लक्षात राहिला तो टांझानियातील गोरोंगोरोच्या विवरात दिसलेला एक पक्षी. हे विवर म्हणजे सुमारे ६०० मीटर खोल आणि तळाशी अंदाजे २६० चौरस किलोमीटर पसरलेले मैदान. सहप्रवाशांच्या दुर्बिणी झोपलेल्या सिंहांवर रोखलेल्या असताना दुसऱ्या बाजूच्या गवतातून कोरी बस्टर्ड या माळढोकासारख्या मोठ्या पक्ष्याचा नर चालत आला. त्याने मान फुगवली, मानेची पांढुरकी पिसे पिंजून उभी राहिली, शेपूट पाठीवर उलटे वळले आणि छातीतून निघावा तसा खोल घुमारा ऐकू आला.

सोलापूरच्या माणसाने त्या ठिकाणी गाडी थांबवायला लावली, यात नवल नाही. कोरी बस्टर्ड आणि आपला माळढोक हे एकाच प्रजातिगटातील, अगदी जवळचे नातलग आहेत. कोरीचा मोठा नर १८ किलोपर्यंत भरतो आणि उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. माळढोकाचा नरही विणीच्या हंगामात गळ्याची पिशवी फुगवून असाच घुमतो. परंतु सोलापूरजवळच्या ज्या नान्नजच्या माळरानासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले, तेथे आता त्याचे दर्शन अतिशय दुर्मीळ झाले आहे आणि नान्नजचे नाव द्राक्षांसाठीच अधिक घेतले जाते. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते, माळराने नांगराखाली गेली, आणि समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी विजेच्या तारांना धडकून मरतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर संख्या सावरणे कठीण होते.

आफ्रिकेला जाण्यापूर्वी हिवाळ्यातील एक सकाळ दुर्बीण घेऊन नान्नजला अवश्य घालवावी. काळवीट तर दिसतातच, नशीब असेल तर लांडगाही दिसतो, आणि मुख्य म्हणजे गवतात नजर कशी फिरवायची याचा सराव होतो.

प्रश्न : चित्ता अगदी जवळून पाहण्यासाठी चालकाला जादा पैसे द्यावे लागतात, हे खरे आहे का? (व्यावसायिक, पंढरपूर)

उत्तर : असे पैसे कृपया देऊ नयेत. चित्ता प्रामुख्याने दिवसाउजेडी शिकार करतो, त्यामुळे गाड्यांच्या गराड्याचा त्रास त्याला इतरांपेक्षा अधिक होतो. पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागांत चित्त्याच्या माद्यांची कमी पिल्ले जगतात, असे मसाई मारामधील अभ्यासात आढळले आहे. लांबून पाहिलेला, उंचवट्यावर बसून क्षितिज न्याहाळणारा चित्ता पुरेसा देखणा असतो.

प्रश्न : शाकाहारी जेवणाची सोय होते का? शेंगांची चटणी आणि कडक भाकरी नेता येईल का? आणखी कोणती तयारी करावी? (गृहिणी, अक्कलकोट)

उत्तर : केनियात गुजराती समाज पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक असल्याने नैरोबीत वरण-भात आणि चपाती सहज मिळते, बहुतेक मुक्कामांवर आधी कळवल्यास शाकाहारी जेवण करून देतात. चटणी आणि भाकरी जरूर न्यावी, मात्र ती डब्यात किंवा कापडी पिशवीत भरावी, कारण प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये बंदी घातली आहे. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घेऊन तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावे. ते नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात राहावे लागू शकते. वय साठीच्या पुढे असल्यास लस घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.